भिंतीवरचा पळस आणि कापलेली ओळ



पेटचा निकाल लागला की मला सगळ्यात जास्त विचारणा होते ती सिनॉप्सिसबद्दल. उद्दिष्टं किती असावीत, गृहीतक लिहायलाच पाहिजे का, आरआरसीसमोर किती स्लाइड न्यायच्या, वगैरे. त्यावर याआधी लिहिलेलं आहे. आजचा विषय वरवर पाहता संशोधनाचा वाटणार नाही. घराच्या भिंतीवर आपण फुलांची जुनी चित्रं लावतो, त्यांच्याबद्दल मला बोलायचं आहे. पण शेवटपर्यंत वाचा, कारण अशाच एका चित्रापायी माझा प्रस्ताव एकदा परत आला होता.

ही चित्रं तुम्ही पाहिली असणारच. पिवळसर कागद, मधोमध एकच फांदी, तिच्यावर दोन-तीन फुलं, एखादी कळी, आणि मागे काहीच नाही. 'व्हिंटेज बोटॅनिकल प्रिंट' या नावानं ती ऑनलाइन मिळतात. कधी तीनचा सेट, कधी सहाचा. अमरावतीच्या नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, अकोल्याच्या एखाद्या दवाखान्यात नंबर लागायची वाट पाहता पाहता, कॅफेच्या भिंतीवर ती आता सर्रास दिसतात. आपल्याकडे दिवाणखान्यात देवादिकांच्या तसबिरी, कॅलेंडर आणि आजोबांचा हार घातलेला फोटो असायचा. त्यांच्या शेजारी आता गुलाब, ट्युलिप आणि मॅग्नोलिया येऊन बसले आहेत. दिसतात छान, यात वाद नाही. मलाही आवडतात, म्हणून तर मी तीन मागवले.

प्रस्ताव परत कसा आला

माझा विषय वऱ्हाडातल्या झाडांची लोकनावं आणि जुन्या वनस्पतिग्रंथांतल्या नोंदी यांचा ताळा घालण्याचा आहे. तेव्हा कोर्सवर्क संपलं होतं, सिनॉप्सिस तयार होता. मागवलेल्या तीन फ्रेमपैकी एकीचं नाव विक्रेत्यानं 'फ्लेम ऑफ द फॉरेस्ट' असं दिलं होतं. हे इंग्रजी नाव पळसाचं, हे आपण शाळेपासून पाठ केलेलं. केशरी-लाल फुलं, तीन पर्णिका. मी म्हटलं, वा, आपला पळस! फ्रेम गावच्या घरी लावली आणि तिचाच मोबाइलवर फोटो काढून पीपीटीच्या पहिल्या स्लाइडवर टाकला.

आजीनं त्या फ्रेमकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे काय लावलं वं?"

"पळस आहे आजी."

"तुले कोनं सांगतलं? पयसाच्या फुलाची वाटी कायी रायते, मखमलीवानी. याची कोठी हाय?"

मी हसले. एम.एस्सी. वनस्पतिशास्त्र मी, आजी चौथी शिकलेली. आठवडाभरानं समितीसमोर उभी राहिले. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी पहिलीच स्लाइड थांबवली आणि तीन प्रश्न विचारले. हे झाड कोणतं? चित्र कोणी काढलं? कोणत्या ग्रंथातलं? पहिल्याचं उत्तर मी चुकीचं दिलं. दुसऱ्या-तिसऱ्याचं माझ्याकडे उत्तरच नव्हतं.

तो पांगारा होता. पांगाऱ्याच्या फुलात पुंकेसर पाकळ्यांच्या बाहेर लोंबतात. पळसाच्या फुलात ते पोपटाच्या चोचीसारख्या वाकलेल्या पाकळीत झाकलेले असतात. पांगाऱ्याचा निदलपुंज एका बाजूनं फाटत जातो. पळसाचा गडद, मखमली, वाटीसारखा. म्हणजे आजीनं नेमकं निदान करणारं लक्षण सांगितलं होतं. ज्या मुलीचा विषयच लोकांचं वनस्पतिज्ञान, तिनं घरातल्या माणसाचं ऐकलं नाही आणि विक्रेत्याचं लेबल खरं मानलं. प्रस्ताव दुरुस्तीसाठी परत आला, पुढची बैठक होईस्तोवर सहा महिने गेले.

आपल्याकडे म्हणतात, पळसाला पाने तीनच. कुठेही जा, गोष्ट तीच. पण मित्रांनो, पांगाऱ्यालाही तीनच, आणि बेलालाही तीनच. म्हण म्हणून ती पक्की आहे, ओळख पटवायला मात्र पुरत नाही. आणि काटेकोर बोलायचं तर ती तीन पानं नव्हेतच. एकाच संयुक्त पानाच्या तीन पर्णिका आहेत.

थोडं समाधान असं की या दोन झाडांची गाठ जुनी आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्क यानं पळसाला शास्त्रीय नाव दिलं ते 'एरिथ्रिना मोनोस्पर्मा', म्हणजे थेट पांगाऱ्याच्या प्रजातीत बसवलं. नंतर पळस वेगळा काढला गेला आणि आज आपण त्याला 'ब्युटिआ मोनोस्पर्मा' म्हणतो. पण लामार्कनं निदान आपण काय पाहिलं ते लिहून ठेवलं होतं, म्हणून पुढच्यांना ते तपासून दुरुस्त करता आलं. माझ्या स्लाइडवर तपासण्यासारखं काहीच नव्हतं.

चित्र मुळात कशासाठी होतं

इथून खरा मुद्दा सुरू होतो. वनस्पतिचित्र हे फुलाचं सुंदर चित्र असतंच, पण त्याआधी ती एक नोंद असते. ज्यानं ते झाड कधी पाहिलं नाही, त्याला हजारो मैलांवर बसून ते ओळखता यावं, यासाठी ते काढलेलं असतं. वाळवलेल्या नमुन्यात फुलाचा रंग उडतो, आकार चपटा होतो. चित्र ती उणीव भरून काढतं. म्हणून त्यात फांदीबरोबर खालच्या बाजूला उघडलेलं फूल, सुटे केसर, अंडाशयाचा छेद, शेंग, बी हे सगळं असतं. कागदाच्या खाली नाव, पत्रक क्रमांक, चितारणाऱ्याचं किंवा खोदकाम करणाऱ्याचं नाव बारीक अक्षरात असतं.

नोंद म्हणून चित्राचं वजन किती मोठं, ते नामकरणाच्या नियमांत दिसतं. वनस्पतीच्या प्रत्येक शास्त्रीय नावामागे एक 'टाइप' लागतो, म्हणजे ते नाव ज्याला बांधलेलं आहे असा पुरावा. बहुतेक वेळा तो वाळवलेला नमुना असतो. पण जुन्या नावांसाठी चित्रही टाइप म्हणून चालतं आणि लिनियसच्या कितीतरी नावांचे टाइप आजही चित्रंच आहेत. नव्या प्रजातीसाठी, काही सूक्ष्म शैवालं आणि कवकं सोडली तर, 1 जानेवारी 2007 पासून प्रत्यक्ष नमुनाच लागतो. म्हणजे भिंतीवर शोभेला लावलेलं एखादं चित्र कुणा झाडाच्या नावाचा एकमेव आधार असू शकतं.

दोन उदाहरणं घेऊ, दोन्ही पळसाशी जोडलेली.

पहिलं 'हॉर्टस मलबारिकस'. डच कंपनीचा मलबारमधला गव्हर्नर व्हॅन ऱ्हीड यानं तयार करवलेला हा बारा खंडांचा ग्रंथ 1678 ते 1693 या काळात ॲम्स्टरडॅममध्ये छापला गेला. केरळच्या झाडांचा हा ग्रंथ, पण मराठी वाचकाला त्यात आपली एक खूण सापडते. चित्रांवर झाडांची नावं अनेक लिप्यांत कोरलेली आहेत आणि त्यांत कोंकणी नावं नागरी लिपीत आहेत. रंगभट, विनायक पंडित आणि आप्पू भट हे तीन कोंकणी वैद्य आणि इट्टी अच्युतन हे मलबारी वैद्य यांची प्रमाणपत्रं ग्रंथात छापली आहेत. म्हणजे माहिती कोणी दिली हे साडेतीनशे वर्षांपूर्वी नाव घेऊन सांगितलं आहे. याच ग्रंथाच्या सहाव्या खंडात पळस 'प्लासो' या नावानं येतो. पुढे 1763 मध्ये अदांसाँ यानं 'प्लासो' हेच नाव प्रजातीला दिलं. ते टिकलं असतं तर आपला पळस जगभर पळसाच्याच नावानं ओळखला गेला असता. पण नियमानं 'ब्युटिआ' हे नाव राखून ठेवलं गेलं. ते कोणाचं? तर अर्ल ऑफ ब्यूट, 1762-63 मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान आणि वनस्पतिशास्त्राचे आश्रयदाते, यांचं.

दुसरं उदाहरण विल्यम रॉक्सबर्ग यांच्या 'प्लँट्स ऑफ द कोस्ट ऑफ कोरोमंडल' या ग्रंथाचं. रॉक्सबर्ग आंध्रच्या किनाऱ्याजवळ सामलकोट इथे कंपनीच्या नोकरीत होते, 1793 मध्ये कलकत्त्याच्या बागेत गेले. त्यांनी भारतीय चित्रकारांकडून झाडांची चित्रं करवून घेतली आणि लंडनला पाठवली. त्यांतली तीनशे निवडून 1795 ते 1820 या काळात तीन खंडांत छापली. पळस त्यात 'ब्युटिआ फ्रॉन्डोसा' म्हणून आहे. रॉक्सबर्ग यांचं नाव प्रत्येक खंडावर आहे. ज्या हातांनी झाड समोर ठेवून रंग भरले, त्यांची नावं नाहीत.

आता दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवा. एकात माहिती देणाऱ्यांची नावं जपली आहेत. दुसऱ्यात चितारणारे हात निनावी राहिले आहेत. हे तुम्हाला कधी कळेल? चित्राच्या चारी कडा शाबूत असतील तर.

कात्री कुठे चालते

बाजारातल्या प्रिंटवर माझा आक्षेप इथे आहे. सजावटीसाठी चित्र घेताना पहिली कात्री खालच्या ओळीवर चालते, कारण अक्षरं 'क्लीन लुक' बिघडवतात. दुसरी कात्री सुट्या भागांवर चालते. उघडलेलं फूल, केसर, बी यांना भिंतीवर काय काम? तिसरी गोष्ट उलटी: जे नव्हतं ते चढवलं जातं. नव्या कागदावर पिवळसर डाग, घड्या पडल्याच्या खुणा, वळणदार अक्षरातली खोटी लॅटिन नावं. आता तर यंत्राकडून बनवून घेतलेली चित्रंही 'व्हिंटेज' म्हणून विकली जातात. एकाच फांदीवर खाली समोरासमोर आणि वर एकाआड एक पानं दिसली, तर जरा थांबून पाहा.

म्हणजे जुनेपणाचा भास वाढवायचा आणि जुनेपणाचा पुरावा काढून टाकायचा, असा हा व्यवहार आहे. माझ्या फ्रेमचंही हेच झालं होतं. खालची ओळ असती तर त्यावर 'एरिथ्रिना' वाचून मी तिथेच थांबले असते. ओळ नव्हती, त्यामुळे विक्रेत्यानं चिकटवलेलं नाव हेच त्या चित्राचं नाव झालं. आणि ते नावही फसवं. 'फ्लेम ऑफ द फॉरेस्ट' हे इंग्रजीत पळसाला म्हणतात, तसं काही ठिकाणी गुलमोहरालाही म्हणतात. एका नावाची अनेक झाडं आणि एका झाडाची अनेक नावं, हीच तर लोकनावांवर काम करणाऱ्याची पहिली अडचण. आपल्याकडचंच पाहा. आजी 'पयस' म्हणते, शाळेत 'पळस' लिहितात. वऱ्हाडीत ळ चा य होतो हे ज्याला माहीत नाही, तो आपल्या यादीत ही दोन वेगळी झाडं लिहून मोकळा होईल.

अजून एक कात्री आहे, ती दिसत नाही. काही विक्रेते जुनी पुस्तकंच फोडतात आणि पत्रकं सुटी करून विकतात. पूर्ण ग्रंथापेक्षा सुट्या पानांचे पैसे जास्त होतात म्हणून. चित्र अस्सल असतं, पण शेजारच्या पानावरचं वर्णन कायमचं तुटतं. 'ओरिजिनल' घेतलं याचा आनंद मानण्याआधी हे माहीत असावं.

सजावटीला नावं ठेवू नका

इथवर वाचून वाटेल की मी चित्रं भिंतीवर लावण्याच्याच विरोधात आहे. तसं अजिबात नाही. 'शास्त्र एकीकडे, शोभा दुसरीकडे' ही वाटणी या चित्रांच्या बाबतीत टिकत नाही. कोरोमंडलचे ते तीन खंड मोठ्या आकाराचे, हातानं रंगवलेले, श्रीमंत ग्राहकांसाठीच होते. 1787 मध्ये लंडनला सुरू झालेलं 'कर्टिसेस बोटॅनिकल मॅगझिन' बागेची हौस असणाऱ्यांना समोर ठेवून निघालं आणि तेच पुढे शास्त्रज्ञांचं संदर्भसाधन झालं. गुलाबांच्या चित्रांसाठी आजही ज्याचं नाव घेतात, तो रदूते फ्रान्सच्या राजघराण्यातल्या स्त्रियांना चित्रकला शिकवायचा. डोळ्याला आवडावं आणि झाड ओळखूही यावं, ही दोन्ही कामं या चित्रांनी पहिल्यापासून केली. म्हणून हौसेवर माझा राग नाही, कात्रीवर आहे.

या सुंदरपणाचा संशोधकाला त्रासही होतो, तो लक्षात ठेवा. ताम्रपटावर रेघा कोरून काळं चित्र छापायचं आणि मग कामगारांनी एकेका प्रतीत हातानं रंग भरायचे, अशी जुनी रीत होती. कर्टिसच्या मासिकात तर हातानं रंग भरणं 1948 पर्यंत चालू होतं. त्यामुळे एकाच पत्रकाच्या दोन प्रतींत केशरी रंग वेगळा असू शकतो. एका स्कॅनवरून 'फुलाचा रंग असा असा नोंदवला आहे' असं प्रबंधात लिहिलंत तर परीक्षक विचारेल, कोणत्या ग्रंथालयाची प्रत? आकार, रचना, संख्या यांसाठी चित्र भरवशाचं असतं. रंगासाठी किमान दोन प्रती पाहाव्या.

वऱ्हाड भिंतीवर का नाही?

दुसऱ्या वेळच्या तयारीत मी वऱ्हाडात काढलेली जुनी वनस्पतिचित्रं शोधायला बसले. तेव्हा लक्षात आलं की आपल्या भागाचा हा कोपरा रिकामा का वाटतो याला कारण आहे. चित्रं तिथे निघाली जिथे सरकारी बाग होती, पगारी चित्रकार होता आणि त्यात रस घेणारा अधिकारी होता. पुण्याजवळ दापोडीला अशी बाग होती. तिथले अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांनी 1847 ते 1850 या काळात एका चित्रकाराकडून दीडशेहून जास्त चित्रं करवून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानाच्या संग्रहात आहेत आणि हेन्री नोल्टी यांनी 2002 मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. चित्रकाराचं नाव इथेही नोंदलेलं नाही.

वऱ्हाड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. 1853 मध्ये ते कारभारासाठी इंग्रजांकडे आलं, 1903 मध्ये मध्य प्रांताला जोडलं गेलं. मुंबई इलाख्यात ते नव्हतंच. त्यामुळे थिओडोर कुक यांची मुंबई इलाख्याची प्रसिद्ध 'फ्लोरा' 1901 ते 1908 मध्ये निघाली, तिच्या हद्दीत खानदेश आला आणि त्याला लागून असलेलं वऱ्हाड बाहेर राहिलं. झाडांना इलाख्याची सीमा कळत नाही, पण झाडांच्या पुस्तकांना कळते. आपल्या दोन जिल्ह्यांसाठी हाताशी धरावेत असे दोन ग्रंथ 1988 साली आले, तेही एकाच वर्षी: कांबळे आणि प्रधान यांची अकोला जिल्ह्याची 'फ्लोरा' आणि ढोरे आणि जोशी यांची मेळघाट व्याघ्र प्रकल्पाची 'फ्लोरा'. कामाचे ग्रंथ आहेत, पण भिंतीवर लावायची चित्रं देणारे नाहीत.

म्हणजे अमरावतीच्या भिंतीवर जुना पळस लावायचा तर तो सामलकोटचा किंवा मलबारचा लावावा लागतो. आणि ज्या झाडावर अख्ख्या वऱ्हाडाचा संसार चालला त्या पऱ्हाटीचं काय? जॉर्ज वॉट यांनी 1907 मध्ये जगभरच्या कपाशीवर चित्रपत्रकांसह मोठा ग्रंथ लिहिला. देशी कपाशीचं फूल किती देखणं असतं ते आपल्याला सांगायला नको: पिवळ्या पाकळ्या, तळाशी गडद जांभळट डाग, कोमेजताना गुलाबी छटा. पण मी आजवर एकाही हॉलमध्ये, अगदी कास्तकाराच्या पोरानं बांधलेल्या बंगल्यातही, पऱ्हाटीचं चित्र पाहिलं नाही. वावरात जे रोज दिसतं ते भिंतीवर कशाला, असं असेल. किंवा त्या झाडाकडे पाहिलं की आधी भाव आणि कर्ज आठवत असेल. भिंतीवर काय लावतो यापेक्षा काय लावत नाही, यावरून आपण जास्त कळतो असं मला वाटतं. हा विषय घ्यायला कोणी तयार असेल तर अवश्य घ्या.

मग भिंतीवर काय लावायचं, आणि प्रबंधात काय

काही साध्या गोष्टी सांगते. दोन्हीकडे कामी येतील.

एक, चित्र विकत घेण्याआधी 'बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी' या संकेतस्थळावर मूळ ग्रंथ शोधा. हॉर्टस मलबारिकस, कोरोमंडल, कर्टिसचे जुने अंक तिथे पानापानानं फुकट पाहता येतात, उतरवून घेता येतात. ए-थ्री आकारात चांगल्या कागदावर छापून घेतलं तर विकतच्या सेटपेक्षा स्वस्त पडतं, आणि कडा शाबूत मिळतात.

दोन, पूर्ण पान छापा. नाव, क्रमांक, खालची बारीक अक्षरं, सुटे भाग, सगळं राहू द्या. फ्रेमवाला माउंट लावताना खालची ओळ झाकायला बघतो, त्याला आधीच सांगा.

तीन, चित्र काचेला चिकटू देऊ नका, मध्ये माउंटची फट हवी. आणि पश्चिमेच्या भिंतीवर थेट ऊन येत असेल तर तिथे लावू नका. अकोल्याच्या मे महिन्यात माणसाचा रंग टिकत नाही, कागदाचा काय टिकणार!

चार, फ्रेमच्या मागे पाच गोष्टी लिहा: झाडाचं आजचं शास्त्रीय नाव, चित्रावर छापलेलं नाव, ग्रंथ आणि वर्ष, चित्रकार (नाव नसेल तर 'नाव नोंदलेलं नाही' असं स्पष्ट), आणि कोणत्या संग्रहातल्या प्रतीचं स्कॅन आहे ते. प्रबंधातल्या प्रत्येक आकृतीखाली याच पाच गोष्टी जातील.

पाच, हक्क आणि श्रेय यांची गल्लत करू नका. आपल्या कायद्यात लेखक-चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी कॉपीराइट संपतो. दोनशे वर्षांपूर्वीचं चित्र छापायला कोणाची परवानगी लागत नाही. पण ते कुठून घेतलं हे सांगण्याची जबाबदारी संपत नाही. यूजीसीचे 2018 चे वाङ्‌मयचौर्याचे नियम बहुतेक विद्यार्थी 'दहा टक्के' एवढ्यावरच लक्षात ठेवतात. सॉफ्टवेअर मजकुराचं साम्य मोजतं आणि आपण गुगलवरून चित्र उचलून निर्धास्त बसतो. सॉफ्टवेअरनं पकडलं नाही म्हणून ते आपलं होत नाही. आणि समोरचा तज्ज्ञ सॉफ्टवेअर नसतो, हे मी अनुभवानं सांगते.

दुसरी फ्रेम

दुसऱ्या वेळी पहिल्या स्लाइडवर मी रॉक्सबर्ग यांचा पळस ठेवला. पूर्ण पान, खाली पाच गोष्टी, आणि चित्रकाराच्या जागी 'भारतीय चित्रकार, नाव नोंदलेलं नाही'. प्रस्ताव मंजूर झाला. पांगाऱ्याची फ्रेम मी टाकून दिली नाही. तिच्यावर 'पांगारा' अशी चिठ्ठी लावून अमरावतीच्या खोलीत टेबलासमोर टांगली आहे. घरी आता रॉक्सबर्गचा पळस आहे.

तो लावला त्या दिवशी मी मुद्दाम आजीला बोलावलं. तिनं जवळ जाऊन बराच वेळ पाहिलं. वाटी काळी आहे, चोच बरोबर आहे, हे मान्य केलं. मग म्हणाली, "पन फूल आन् पान एका वक्ती कसं वं? पयस फुलते तवा त्याले पान कोठी रायते?"

खरं आहे. शिमग्याच्या सुमारास पळस फुलतो तेव्हा झाड बहुतेक निष्पर्ण असतं. पत्रावळीजोगी रुंद पानं नंतर येतात, शेंगा उन्हाळ्यात पिकतात. वनस्पतिचित्रात वर्षभराचं झाड एका कागदावर आणायची रीत आहे: फूल एका ऋतूचं, पान दुसऱ्या, फळ तिसऱ्या. ओळख पटायला ते सोयीचं असतं, पण कोणत्याही एका दिवशी झाड तसं दिसत नाही. चित्रकारानं फूल आणि पान वेगवेगळ्या वेळी पाहून जोडलं असणार, म्हणजे तो त्या झाडाकडे किमान दोनदा गेला असणार. हे मला कोणत्याही पुस्तकानं शिकवलं नव्हतं.

आजीचा तो प्रश्न आता माझ्या दुसऱ्या प्रकरणाचा आहे: जुन्या चित्रांतला ऋतू कसा वाचायचा. श्रेयनामावलीत तिचं नाव कुठे टाकायचं, यावर गाइडशी बोलणं चालू आहे. मी 'माहितीदात्या' म्हणून यादीत टाकलं होतं. गाइड म्हणतात, जिनं तुझं चित्र दोनदा तपासलं, ती परीक्षक झाली.

तुमच्या घरी, खोलीत, डिपार्टमेंटच्या व्हरांड्यात असं एखादं चित्र असेल तर आज त्याची खालची कड पाहा. ओळ आहे का? नसेल तर शोधायला लागा. संशोधनाची सुरुवात करायला तेवढं पुरेसं आहे.

भेटू पुढच्या लेखात. विषय असेल 'लोकनावं नोंदवताना उच्चार जसाच्या तसा कसा लिहायचा'.